आत्याबाईंची कोरडी चादर

आमच्या आत्याबाई आज पहाटे गेल्या. अंगाखालची चादर कोरडी होती.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय नव्वदीच्या पुढं. दारात बाया बसल्यात आणि सगळ्या एकच बोलतायत, म्हातारी लय कडक होती.

होतीच. मला काय सांगता? जन्म काढला मी त्यांच्या हाताखाली.

पण एक गोष्ट त्या बायांना माहीत नाही. मला रडायला जमत नाही, म्हणून आत येऊन लिहितेय.

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मी चुलीवर तवा ठेवला. माझं माहेर पलूसकडचं, तिकडं आमच्या घरात एवढं पाळत नव्हते. इकडं शिराळ्याच्या अंगाला नागपंचमीला लोखंड तापवायचं नाही, चिरायचं नाही, जमीन खणायची नाही. नागोबाला इजा होते.

आत्याबाईंनी पदरानं तवा धरला आणि भाकरीसकट परसात फेकला.

भाकरी कुत्र्यानं खाल्ली. मी पुरणाची उकडलेली दिंडं खाल्ली. पुन्हा कधी पंचमीला तव्याला हात लावला नाही.

यंदा उन्हाळ्यात त्यांचा खुबा मोडला आणि त्या खाटेला लागल्या. चादरी किती बदलायच्या त्याला माप राहिलं नाही. ड्रेसिंगला येणारी सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, आजी, यांची पाठ ओली राहिली तर कातडी सोलणार, आणि या वयात जखम भरत नसते.

पावसाळ्यात आमच्याकडं दोरीवरचं वाळत नाही. चुलीवर धरलं तर धुराचा वास, मग आत्याबाईंच्या शिव्या. माझ्या पुण्याच्या लेकानं त्याचा जुना ड्रायर पाठवून दिला. मी म्हटलं, कापडं वाळवायला पण मशीन, हात झडले काय माणसांचे?

वापरला आणि गप्प बसले.

श्रावण लागला आणि ड्रायर बिघडला.

दिवे लागायचे, टीं वाजायचं, ड्रम फिरायचा. पण वारा गार. चादरी नुसत्या चक्कर खाऊन ओल्याच्या ओल्या बाहेर.

आष्ट्याचा मेकॅनिक आला. कार्ड गेलंय म्हणाला. कार्ड म्हणजे मशीनचं डोकं, हिरवी पट्टी असते आत. हे मॉडेल बंद झालंय, नवीन कार्ड मिळालं तर मिळालं. खोटं बोलला नाही बिचारा. चहा पिऊन गेला.

मग आमचे हे बसले. फौजेत गाड्यांच्या वायरिंगला होते. रिटायर होऊन जमाना झाला, पण मीटर अजून उशाला. आधी म्हणाले हीटर जळाला. मीटर लावला, हीटर ठीक. मग म्हणाले फ्यूज. तोही ठीक. मग आतनं कापडांची मूठ मूठ लव काढली आणि म्हणाले, झालं.

कुठलं झालं? वारा गारच.

तोवर मी चादरी इस्त्रीनं वाळवत होते. पंचमी उजाडली आणि इस्त्रीपण बंद, तीही लोखंडच. घरात एकच कोरडी चादर, ती आत्याबाईंच्या खाली. दुपारपर्यंत तीही ओली.

वैतागून मी मशीनच्या टाळक्यात बुक्की घातली.

गरम वारा आला.

"परत घाल," हे म्हणाले.

घातली. गेला. परत घातली. आला.

म्हणाले, कार्ड मेलेलं नाही, कुठंतरी जोड सुटलाय. प्लग काढला, कार्ड बाहेर घेतलं, भिंग लावलं. मला बॅटरी धरायला लावली. हीटरला करंट सोडणारी एक काळी डबी असते, रिले म्हणतात. तिच्या तारेच्या एका पायाभोवती सोल्डरच्या डागाला चीर गेली होती, केसाएवढी. मला काही दिसली नाही. मी हो म्हटलं.

सोल्डर मारायची गन तापवली की काम झालं.

मी गन हातातनं काढून घेतली. म्हटलं, उद्या. आज या घरात लोखंड तापायचं नाही.

"आगं, आई वली हाय आत."

"तुमच्या आईचाच नेम हाय. माझा तवा कुठं गेलावता, ठावं हाय न्हवं?"

खाटेवरनं आवाज आला. म्हातारीचे कान लय तिखट.

"काय चाललंय रं?"

ह्यांनी सगळं सांगितलं. पन्हाळीतनं पाणी पडत होतं, ते आत्याबाई ऐकत राहिल्या.

"नागोबाचं बीळबी भरलं आसंल पाण्यानं," म्हणाल्या. "वलं म्हंजी काय, ते त्येला कळतंय. तापव."

मी दारातच.

"तू का खांबागत हुबी? दे त्येला."

दिली. पाटावर पुजलेल्या नागोबाकडं बघून हात जोडले आणि बॅटरी धरली.

ह्यांनी जुना सोल्डर काढला, पाय घासला, नवा मारला. कार्ड बसवलं, प्लग लावला, तर काहीच नाही. एक वायर लावायची राहिली होती. माझ्याकडं असं बघितलं, जशी काय मीच काढलीवती.

लावली. वारा गरम आला, आणि बुक्की न घालता येतच राहिला.

पहिली चादर तशीच ऊन-ऊन आत्याबाईंच्या खाली घातली. त्यांनी तळव्यानं चाचपून बघितली.

"तव्यावरनं काढल्यागत हाय."

मी म्हटलं, "तवा तुमी परसात टाकलावता."

"आजून ध्यानात हाय व्हय तुझ्या?"

"हाय तर."

हसल्या. तोंडात दात नाही, तरी लय हसल्या. मग मलाही हसू आलं.

पाठ शेवटपर्यंत धड राहिली. आज अंघोळ घालताना ह्याच बायांनी बघितली, एक फोड नव्हता. त्याबद्दल कोण बोललं का? नाही. कडक होती, एवढंच.

मगाशी ड्रायर उघडला. त्यांच्यासाठी लावलेली चादर आतच राहिली होती. वाळून गार पडलीवती. घडी घालून खाटेवर ठेवली.

पंचमीला तवा ठेवणार नाही, काळजी करू नका.

जावा आत्याबाई. वाट कोरडी असू दे.