रविवारचे निरोप

तीन वर्षं माझा त्या बाईवर राग होता. साधासुधा नव्हे. तिचं नाव निघालं की मी हातातली भांडी आपटून ठेवत असे. जिच्याबरोबर अर्धं आयुष्य एका खोलीत काढलं ती मैत्रीण मरणाच्या दारात पडली, आणि ही आली नाही. फोन नाही, दोन ओळी नाहीत. त्यामुळे एका दुपारी ती माझ्या दारात उभी राहिली तेव्हा मी तिला ‘ये’ म्हटलं नाही की ‘बस’ म्हटलं नाही.

ती म्हणजे दोरा. आमच्या घराच्या तळमजल्यावर पूर्वी शिवणकामाचं दुकान होतं, आणि ते दोघी बायका चालवायच्या. एक मशिनवर बसायची. अंगाने काडी, जिभेने तिखट, बोलली की टोचायचीच. तिला सगळी गल्ली सुई म्हणे. दुसरी हातशिलाई घालायची, काजं करायची, बटणं लावायची. तिचं बोलणं कमी, आणि सुई जाईल तिकडे ही मागोमाग. मग तिला दोरा म्हणायला लोकांना फार डोकं चालवावं लागलं नाही. शाळेचे गणवेश, इस्पितळातले कोट, हॉटेलातल्या पोऱ्यांची जाकिटं, सगळं त्यांच्याकडे यायचं. दोघींची लग्नं झाली नाहीत. कुणी टोमणा मारलाच तर सुई म्हणायची, “आम्हाला उसवलेलं शिवायचे पैसे मिळतात, तुम्ही फुकट शिवत बसता.”

दोराच्या दादाची नोकरी गेली तेव्हा घर चालवायला कुणीतरी बाहेर पडणं भाग होतं. ते कुणीतरी म्हणजे अर्थातच बिनलग्नाची बहीण. दोन वर्षांसाठी म्हणून ती परदेशी गेली. तिथल्या एका प्रचंड हॉटेलच्या तळघरात नोकरांच्या कपड्यांना बटणं लावायची आणि फाटके पडदे सांधायचे, हे काम. दोनाची सोळा वर्षं कशी झाली ते तिलाही सांगता येणार नाही. दादाला पुढे नोकरी लागली, पण एकदा घराला लागलेली सवय सुटत नाही.

इकडे सुईने काजं दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाहीत. गिऱ्हाइकाला ती सांगायची, “चेन लावते, नाहीतर टिचबटण. काजच हवं असेल तर थांबा, माझी बाई बाहेरगावी गेली आहे.” समुद्रापलीकडे गेलेल्या बाईला ही बाहेरगावी गेली म्हणायची, जणू शनिवारच्या गाडीने परत येणार. दोरा आली की दोघींनी दुकान मोठं करायचं, पाटीवर दोघींची नावं लावायची, असा बेत होता. रंग कुठला यावरून वादसुद्धा झाला होता.

तो वाद त्या कसा घालायच्या, हे सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. वर्षानुवर्षं मशिनच्या खडखडाटात बसून सुईचे कान गेले होते. ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायची. फोन तिच्या उपयोगाचा नव्हता. चेहरा दिसणारा फोनही तिला चालत नसे, म्हणायची, त्यात ओठ मधेच थिजतात आणि अर्धे शब्द गळून जातात. दोघींचं लिहिणं बेताचं. म्हणून दोरा दर रविवारी संध्याकाळी गल्लीपलीकडच्या दादाच्या घरी फोन करायची, आणि दादाची बायको सोमवारी दुकानात येऊन सुईसमोर उभी राहायची आणि तोंड मोठं करून एकेक शब्द सांगायची. सुईचं उत्तर पुढच्या रविवारी तिकडे जायचं. दादाच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत, मीही. हे काम तिने कंटाळा न करता केलं, एवढं मी मान्य करते. यापुढे मी तिच्याबद्दल चांगलं काही लिहिणार नाही.

सुई आजारी पडली ती पोटाने. इस्पितळात मीच नेलं, जवळचं असं तिला कुणी नव्हतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं आणि मी आत येईपर्यंत सुईने काचेतून त्यांचे ओठ वाचले होते. वहिनी भेटायला आली तेव्हा सुई तिला एवढंच म्हणाली, “तिला म्हणावं, काम सोडू नकोस, पण एकदा ये.”

सोमवारी वहिनी आली. सांगितलं म्हणाली. रजा मिळत नाही, बघते म्हणते. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. सुईला ओठांवरचे शब्द कळायचे, पण ते खरे की खोटे हे ओठांवर लिहिलेलं नसतं. मला तर दोन्ही कान धड होते आणि मलाही कळलं नाही. तिसऱ्या सोमवारी सुईने तोंड भिंतीकडे केलं आणि वहिनीकडे पाहिलंच नाही. नंतर मला म्हणाली, “नका विचारू आता तिला.” त्या आठवड्यात ती गेली.

आता त्या दुपारकडे येते. दोराचे केस पांढरे झाले होते, चेहऱ्याला तळघरातला फिकटपणा आला होता, खांद्याला पिशवी होती. तिने विचारलं, “बाई, दुकान कुठे हलवलं? खाली मोबाइलची कव्हरं विकतायत. त्या मुलाला काही माहीत नाही.”

मी म्हटलं, “आता वेळ मिळाला का तुला?”

ती हसली. म्हणाली, मिळाला, कायमचा मिळाला, नोकरी सोडून आलेय. काल रात्रीच पोचले. वहिनी म्हणत होती, आज आराम कर, सुईकडे उद्या जाऊ. पण मला कुठला दम निघतोय, ती जरा लवंडलेली बघून निसटले. हे सांगतासांगता तिने पिशवीतून एक लहानशी डबी काढली. तिच्यात शिवताना बोटावर घालायची चांदीची टोपी होती. सुई अंगाने काडी, पण बोटं जाड, आणि त्यांचं माप तिला पाठ होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, ही बाई नाटक करते. मेलेल्या माणसासाठी भेट घेऊन आलीय, आणि माझ्या दारात. मी दार लावणारच होते. तेवढ्यात ती म्हणाली, “गेल्या रविवारी निरोप होता तिचा. लवकर ये म्हणाली, डोळे थकले, सुई ओवता येत नाही.”

“कुणी सांगितलं?”

“वहिनीने. आणखी कोण सांगणार?”

तेव्हा मी तिला बस म्हटलं. ती बसेना, तर हाताला धरून बसवलं. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, वाईट बातमी सरळ वाक्यात द्यावी, वळसे घेतले की ती जास्त लागते. मी सरळ वाक्यात सांगितलं. सुई गेली. तीन वर्षं झाली.

ती रडली नाही. डबीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग म्हणाली, “मग तीन वर्षं मी कुणाशी बोलत होते?”

माझा राग खरा होता, पत्ता चुकला होता. तो तसाच्या तसा उचलून मी गल्लीपलीकडे नेला. दोरा माझ्यापुढे चालत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाच्या मागोमाग नव्हती.

दादा पेपर वाचत होता. आम्हा दोघींना एकत्र बघून त्याने पेपर घडी करून बाजूला ठेवला, म्हणजे त्याला कळलं. त्यानंतर जी सारवासारव झाली ती सगळी लिहायची तर पानं पुरणार नाहीत. तुझे तिकडे कायमचं राहायचे कागद व्हायचे होते, मधेच आली असतीस तर सगळं पाण्यात गेलं असतं. तू एकटी, परक्या देशात, ऐकून तुझं काय झालं असतं. नंतर सांगू म्हटलं, मग आता सांगून काय उपयोग म्हटलं, मग आल्यावर समोरासमोर सांगू म्हटलं. तुझ्या भल्यासाठीच ना. वहिनी पदराने डोळे पुसत होती आणि मधूनमधून मला चहा विचारत होती.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे त्या नवराबायकोला ठाऊक नव्हतं का? होतं. पण आपल्याकडे दूरच्या माणसाला वाईट कळवायचं नाही, हा नियमच होऊन बसलाय. ज्याला तो नियम लावतात त्याला कधी कुणी विचारत नाही.

दोराने सगळं ऐकून घेतलं. एकच प्रश्न विचारला, तोही वहिनीकडे बघून. “ते बटणांचं कोण म्हणालं होतं?”

मला काही कळेना. मग दोरानेच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी सुईचा म्हणून एक निरोप गेला होता: तिकडे बटणं तरी तुटतात का गं, की नुसती माणसंच तुटतात? त्या वाक्यावर दोरा आठवडाभर हसली होती. तळघरातल्या सगळ्या बायकांना तिने ते त्यांच्या भाषेत करून सांगितलं होतं. माझी मैत्रीण बघा कशी बोलते, म्हणून.

वहिनी खाली बघत म्हणाली, “मीच. तिच्यासारखं जमायला लागलं होतं मला.”

दादा म्हणाला, “बघ, तुला बरं वाटावं म्हणून किती…” दोराने त्याच्याकडे असं बघितलं की वाक्य तिथेच राहिलं. ती आत गेली, अजून न सोडलेली बॅग उचलली आणि माझ्याबरोबर बाहेर पडली. मागून वहिनी म्हणाली, लोक काय म्हणतील. लोक काय म्हणाले तेही मला पुढच्या दोन दिवसांत ऐकावं लागलं. दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत प्रत्येकाचं एकच, चांगल्या मनानेच केलं ना त्यांनी. मी शेजारणीला विचारलं, मग तुमच्या मुलाने तुमचं आजारपण तुमच्या सुनेपासून चांगल्या मनाने लपवलं, आणि सून आली नाही म्हणून तुम्ही तिला शिव्या देत गेलात, तर चालेल का? त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

माझी मागची खोली मी दोराला दिली. पहिल्याच संध्याकाळी तिने विचारलं, सुई काय म्हणाली ते सगळं सांगा. मी जरा घुटमळले. ती म्हणाली, “बाई, तुम्हीपण?” मग मी काही वगळलं नाही. एकदा ये म्हणाली होती. वाट बघितली. भिंतीकडे तोंड केलं. नका विचारू म्हणाली. गेली ती तुझ्यावर रागावूनच गेली.

“बरं झालं सांगितलंत,” दोरा म्हणाली. “निदान हे तरी तिचं आहे.”

आणखी एक गोष्ट माझ्याकडे होती, तीही दिली. इस्पितळात जायच्या आधी सुईने स्वतःसाठी एक करड्या रंगाचा कोट शिवायला घेतला होता. अस्तर, खिसे, कॉलर, सगळं पुरं होतं. पुढच्या पट्टीवर फक्त खडूच्या खुणा होत्या. मला म्हणाली होती, काजं तिची आहेत. रागावल्यावरही ते तिने मागे घेतलं नव्हतं. दोराने कोट मांडीवर घेतला, खुणांवरून बोट फिरवलं आणि घडी करून ठेवून दिला.

रविवारी संध्याकाळी, ज्या वेळी ती तिकडून फोन करायची त्याच वेळी, तिने माझ्या खिडकीत बसून दादाच्या घरी फोन लावला. समोरच्या खिडकीत वहिनी उठताना आम्हाला दिसली. दोरा म्हणाली, “मी बोलतेय. सुई काय म्हणते?”

तिकडून फोन बंद झाला. दुसऱ्या रविवारी पुन्हा लावला. सुई काय म्हणते? वहिनी रडली. दोराने फोन ठेवला नाही, शेवटी तिकडूनच बंद झाला. तिसऱ्या रविवारी दादाने उचलला आणि म्हणाला की तू आम्हाला छळतेस, वहिनीला झोप लागत नाही, किती ताणशील. दोराने त्याला शांतपणे सांगितलं की निरोप तुझ्याकडे नव्हता, फोन वहिनीला दे. त्याने दिला नाही. मीही तिला म्हटलं की पुरे आता. ती म्हणाली, “त्यांनी मला सगळं सांगितलं, बाई. का केलं ते सांगितलं, कसं केलं ते सांगितलं. निरोप अजून दिलेला नाही.”

चौथ्या रविवारी वहिनीने पहिल्याच घंटीला उचललं. दोराने फोनचा आवाज मोठा केला होता. मग वहिनी म्हणाली, एकेक शब्द सुटा करून, जशी ती सुईसमोर बोलायची तशी: “सुई म्हणाली, काम सोडू नकोस, पण एकदा ये. मी तुला सांगितलं नाही. तिला सांगितलं, तुला रजा मिळत नाही. तुला विचारलंच नव्हतं.”

“हं,” दोरा म्हणाली. “मिळाला निरोप.” आणि फोन ठेवला.

मला वाटलं आता बांध फुटेल, समोर जाईल, निदान रडून मोकळी होईल. तसलं काही झालं नाही. तिने कोट आणला, दिव्याखाली सरकून बसली, पट्टीवर पहिली चीर दिली आणि तिच्या कडेने बारीक टाके घालायला लागली. चांदीची टोपी तिच्या बोटात सैल होत होती. तिने आत कापडाची चिंधी कोंबली.

दुसरं काज अर्ध्यावर आलं तेव्हा फोन वाजला. समोरच्या खिडकीत वहिनी फोन कानाला लावून आमच्याकडेच बघत उभी होती. मी उठायला लागले.

“वाजू द्या,” दोरा म्हणाली, आणि टाका ओढून घट्ट केला.