सव्वा तासाचं हैदराबाद

किस्से तुरीच्या वाळक्या तुराट्यांसारखे असतात. कोणी मुद्दाम जमवत नाही, पण आंगण भरून जाते. साखरखेर्ड्याच्या स्टँडावर, शेषरावच्या टपरीत आम्ही चार म्हातारे रोज बसतो. आमच्या टपरीतले यंदाचे सारे किस्से आमच्यातल्याच किसनभाऊच्या उडत्या इमानाचे निघाले.

भाऊची एकुलती पोरगी मंगल लग्नानंतर हैदराबादेत राह्यते. चार वर्षं झाली, भाऊ एकदाही गेला नव्हता. आमच्याकडची जुनी रीत अशी, की पोरीले लेकरू होत नाही तोवर बापानं तिच्या घरचं पाणीबी प्यायचं नाही. अन् रेल्वेनं गेलं म्हणजे मुक्काम आलाच. मंगल फोनवर रडे. म्हणे, "बाबा, घर तरी पाहून जा."

•

एक दिवस शेषराव म्हणाला, संभाजीनगरहून इमान सव्वा तासात हैदराबादले जाते. भाऊनं चहा खाली ठेवला.

"सव्वा तास? एवढ्यात आपली एस्टी देऊळगाव राजालेबी पोचत नाही!"

मग बेत ठरला. सकाळी जायचं, घर पाहायचं, संध्याकाळी परत. भाऊ म्हणे, निर्जळी एकादशी तं आपण धरतोच.

•

भाऊची बायको, आमची वैनी, गावाच्या लांबीवर भाकरी बांधते. मेहकरले एक, संभाजीनगरले दोन. हैदराबादसाठी तिनं गठुडंच बांधलं. भाऊ म्हणे, इमान लवकर पोचते, कमी कर.

वैनी म्हणाली, "ते जोरात पयते म्हणून गाव जवळ येते का?"

•

उडणं सव्वा तासाचं, पण त्याच्या आधी इमानतळावर बसणंच लय. बसल्या बसल्या भाऊनं गठुडं सोडलं. शेजारच्या साहेबालेबी ठेचा-भाकर दिली. साहेबानं दोनदा मागून घेतली. गठुडं संपलं.

तपासणीत फिरकीच्या झाकणाचा पाण्याचा तांब्या अडला. तपासणीवाला म्हणे, थोडं पिऊन दाखवा. भाऊ पडला सरळ माणूस. उभ्या उभ्या सारा तांब्या रिकामा केला!

•

हैदराबाद आलं तरी भाऊ खुर्चीवरून उठेना. इमानातल्या पोरीनं विचारलं, बाबा, काय झालं?

"बाई, मधात कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही. गाव आलं कसं?"

•

मंगलचं घर भाऊनं भिंतीले हात लावून लावून पाह्यलं. तिनं ताट वाढलं. भाऊनं हात जोडले. ती ताट उचलून आत गेली.

संध्याकाळी जावई इमानतळावर पोचवायले आले तं कळलं, इमान चार तास लेट. भाऊ बाहेरच्या बाकावर बसला. भाकर नाही, पाणी नाही, ओठ सुकलेले. जावयानं गुपचूप फोन लावला.

थोड्या वेळानं मंगल रिक्षातून उतरली. बापाशेजारी बसली, मांडीवर डबा उघडला.

"बाबा, हे काई माह्यं घर नाही. जेवा आता."

भाऊनं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. मग जेवला. वांग्याची भाजी दोनदा घेतली. पाण्याची बाटली तिच्याच हातानं प्यायला. इमान लागलं तरी बापलेकीच्या गोष्टी सरेनात.

•

भाऊ परत आल्यावर टपरीत आम्ही विचारलं, मंग, आता पुन्हा कधी जातं?

भाऊनं चहा फुंकला, एक घोट घेतला.

"पाहू. ज्या दिवशी इमान लेट असन, त्या दिवशी."