आपोआप काही होत नाही

आप्पांकडे मेमरी कार्ड घेऊन गेलं की ते आधी कार्डाकडे बघायचेच नाहीत. तुमच्याकडे बघायचे. चष्मा कपाळावर सरकवून, उजव्या हाताचं पहिलं बोट वर करून विचारायचे, "सांग, काय करं तू?" आमच्या अहिराणीत याचा अर्थ, तू काय केलंस. गिऱ्हाईक गुजराती असलं तर "बोलो, तमे शुं कर्युं?" पण बोट तेच आणि नजरही तीच. कार्ड का चालत नाही हे विचारायला आलेल्या माणसाला दोन मिनिटांत आपण पोलीस चौकीत आलोय असं वाटायला लागायचं.

आणि चौकीत माणूस जे करतो तेच सगळे करायचे, म्हणजे खोटं बोलायचे. "काही नाही केलं, आपोआप झालं." हे उत्तर आप्पांनी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांचं उत्तरही ठरलेलं होतं. "आपोआप फगत केस धवळा व्हतस." आपोआप फक्त केस पांढरे होतात. मग ते हात पुढे करायचे आणि कार्ड घ्यायचे. तुम्ही नंतर खरं बोलाल याची त्यांना खात्री असायची, आणि तुम्ही बोलायचाच. मी सोडून.

सुरतेच्या बमरोलीत, एम्ब्रॉयडरीच्या कारखान्याखाली, एका शटरात त्यांचं दुकान होतं. वरची मशीनं चालू झाली की टेबलावरचा चहा थरथरायचा. आप्पा मूळचे शिरपूरकडचे. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये त्यांनी जन्मभर वायरमनचं काम केलं. पुढे मिलमध्ये कॅमेरे बसले आणि पुसलं गेलेलं रेकॉर्डिंग परत काढायचा त्यांना नाद लागला. निवृत्तीनंतर नातवंडांना शाळेत सोडण्याऐवजी त्यांनी दुकान टाकलं. सुनेने ते मनावर घेतलं नाही. उलट घरातली शांतता दुकानात गेली म्हणून ती खूश होती.

सुरतेतले आम्ही खानदेशी फोटोग्राफर म्हणजे लग्नसराईत नवागामहून निघायचं, धुळे-जळगावकडे चार लग्नं मारायची आणि कार्डांनी भरलेला डबा घेऊन परत यायचं. या धावपळीत जे जे चुकू शकतं ते आम्ही चुकवायचो, आणि आप्पा ते निस्तरायचे. फोटो पुसले गेले म्हणून कुणी रडत आला की त्याला खुर्चीत बसवून सांगायचे, "कार्ड रिकामं नाही झालं. तू फक्त पुस्तकाची अनुक्रमणिका फाडलीस. आता त्यावर नवीन काही लिहू नकोस, बाकी मी बघतो." हे ऐकूनही काही शहाणे खात्री करून बघण्यासाठी त्याच कार्डावर आणखी पन्नास फोटो काढून आणायचे. अशा माणसाला ते चहा देत नसत.

रॉ फाइल म्हणजे काय, हे आप्पांइतकं सोपं मला कुणी सांगितलं नाही. एक जण तावातावाने आला, की कॅमेऱ्यात फोटो दिसतात, कॉम्प्युटरवर उघडत नाहीत, म्हणून मी फाइलींची नावं बदलून बघितली, तरी उघडत नाहीत. आप्पा म्हणाले, "हे ग्रे कापड आहे. लूमवरून उतरलं, अजून मिलमध्ये गेलं नाही. रंग नाही, धुलाई नाही. तू त्याला साडी म्हटलंस म्हणून ती साडी होते का?" त्या माणसाचं घराणंच यंत्रमागावरचं होतं. त्याला लगेच कळलं. मला, तीन वर्षं रॉमध्ये फोटो काढत असूनही, त्या दिवशीच कळलं.

एकदा उधन्याहून एक स्टुडिओवाला आपल्या सासऱ्यांना घेऊन आला. कार्डावर काही लिहिलंच जात नव्हतं. कार्डाच्या कडेला कुलपाची बारीक पट्टी असते, ती खाली सरकली होती, एवढंच. आप्पांनी ती नखाने वर केली. मी समोर बसलो होतो, मला दिसलं. पण त्यांनी कार्ड परत दिलं नाही. भिंग डोळ्याला लावलं, कार्ड उजेडात धरलं, दोनदा मान हलवली आणि वीस मिनिटं कॉम्प्युटरवर भलतंच काहीतरी करत बसले. मग म्हणाले, "अवघड होतं, पण झालं." ते गेल्यावर मी हसलो. आप्पा म्हणाले, "सासऱ्यासमोर माणसाला दोन सेकंदांत येडं ठरवायचं नसतं." हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

आता माझं सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीचा, रूपालीचा साखरपुडा दसऱ्याच्या दोन दिवस आधी नवागामच्या घरी झाला. घरचाच फोटोग्राफर म्हटल्यावर माझ्या अंगात आलं होतं. फ्रेममध्ये मोबाइल येतात म्हणून मी सगळ्या पाहुण्यांना मोबाइल खिशात ठेवायला लावले. एका मामांचा तर काढूनच घेतला. त्यामुळे त्या कार्यक्रमाचे फोटो जगात एकाच ठिकाणी होते, माझ्या एका कार्डावर. ते मी कॉम्प्युटरवर घेतले नव्हते, कारण घरचंच काम होतं आणि घरच्या कामाला घाई कुणाला असते?

दसऱ्याला आईने पूजा मांडली. आमचे वडील लूमवर होते तेव्हा ती त्यांच्या धोट्याला आणि पान्याला हळदकुंकू लावायची. आता ते नाहीत, तर माझ्या कॅमेऱ्याला लावायची. त्या वर्षी तिला बॅगेत कार्डंही सापडली. तीही हत्यारंच. तिने ती पाटावर ओळीने मांडली आणि ओल्या बोटाने एकेकाला, नेमकं सोनेरी पट्ट्यांवर, हळद आणि कुंकू लावलं. वर अक्षता वाहिल्या. मी उठलो तोवर कार्डं सवाष्णींसारखी सजून बसली होती.

रूपालीचं कार्ड मी घाईघाईने शर्टाला पुसलं आणि कॉम्प्युटरला लावलं. कॉम्प्युटरने विचारलं, कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? सासरची मंडळी फोटोंसाठी सकाळपासून फोन करत होती. मी घाबरलेलो होतो. मी 'हो' दाबलं. एका क्षणात कार्ड स्वच्छ आणि रिकामं. बाहेर येऊन मी आईला सांगितलं, की तुझ्या कुंकवाने फोटो गेले.

आईने कळण्याच्या भाकरी केल्या, ठेचा केला, डबा भरला आणि मी आप्पांकडे निघालो तशी चपला घालून माझ्या मागे आली. रिक्षात ती हातातल्या डब्याकडे बघत बसली होती. पोरीचा साखरपुडा आपल्या हाताने पुसला गेला, हेच तिच्या डोक्यात होतं. आणि मी ते तिथे राहू दिलं.

आप्पांनी बोट वर केलं. "सांग, काय करं तू?"

माझ्याआधी आईच बोलली. "मन्हाकडथीन चूक व्हयनी, आप्पा." माझ्याकडून चूक झाली. तिने कुंकवाचं सगळं सांगितलं. आप्पांनी शाळेतला खोडरबर घेतला, पट्ट्या हलक्या हाताने पुसल्या, फुंकर मारली आणि कार्ड लावलं. दोन मिनिटांत ते वाचायला लागलं. कुंकवाचं प्रकरण एवढंच होतं. मग पडद्यावर त्यांना दिसलं ते रिकामं कार्ड, त्याच सकाळी कॉम्प्युटरने नव्याने आखलेलं. ते माझ्याकडे वळले आणि थांबले. बोट वर नव्हतं. ते मला जागा देत होते. मी वरच्या पंख्याकडे बघितलं.

आईने विचारलं, "कुकूनामुळेच ना?"

"नाही," आप्पा म्हणाले. "कार्ड जुनं झालं होतं. आपोआप होतं असं कधीकधी."

आयुष्यात त्यांनी कार्डाला दोष दिलेला मी तेवढ्या एकदाच ऐकला. त्यांनी आधी कार्डाची नक्कल करून घेतली, मग त्या नकलेवर काम केलं, आणि तासाभरात रूपाली, तिचा नवरा, मामा, सगळे, फाइलींची नावं हरवून, नुसत्या आकड्यांनी परत आले. आई पडद्याला हात लावून एकेक चेहरा बघत होती.

काम संपलं की आप्पा कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करून एक फोटो काढून बघायचे, नेहमी भिंतीचा. त्या दिवशी आईचा डबा खाताना त्यांचे हात ठेच्याने भरले होते. त्यांनी आईला बटण दाबायला सांगितलं. आईने कॅमेरा भिंतीऐवजी त्यांच्यावरच रोखला. बोट वर करून ते "तिकडे, तिकडे" म्हणेपर्यंत फोटो निघाला. स्वतःच्या फोटोचा त्यांना भारी तिटकारा. हात धुऊन त्यांनी तो लगेच पुसला आणि मला म्हणाले, हे कार्ड आता वापरू नकोस, पट्ट्या झिजल्यात. आईने ते कार्ड नेऊन देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवलं.

त्यानंतर तिने माझ्या कुठल्याही यंत्राला हळदकुंकू लावलं नाही. दसऱ्याला दुरूनच एक फूल ठेवायची आणि हात मागे घ्यायची. आप्पांनी काही म्हटलं तरी तिचा विश्वास बसला नव्हता. मी दरवर्षी ते बघत होतो. आज सांगू, उद्या सांगू करत रूपालीची दोन मुलं शाळेत जायला लागली.

यंदा श्रावणात आप्पा गेले. दुकानात बसल्या बसल्या, टेबलावर एक उघडलेलं कार्ड तसंच ठेवून. दहाव्याला फ्रेम करायला मुलाने फोटो शोधला तर फोटोच नाही. हजारो लोकांचे फोटो परत आणणाऱ्या माणसाचे घरातले सगळे फोटो तोंडासमोर हात धरलेले. आधार कार्डावरचा होता, पण त्यात ते दुसऱ्याच्या गुन्ह्यात धरून आणल्यासारखे दिसत होते. सून म्हणाली, हा लावला तर ते परत येऊन भांडतील. मुलगा माझ्याकडे आला आणि मला देव्हाऱ्यातली डबी आठवली.

कार्डावर इतक्या वर्षांत कुणी काही लिहिलं नव्हतं. मी आप्पांच्या पद्धतीने गेलो. खोडरबर, मग नक्कल, मग शोध. फाइली आल्या. दुसऱ्या फोटोपासून रूपालीचा साखरपुडा होता. पहिला फोटो खरं तर गणपतीपूजनाचा होता, पण त्याच्या जागेवर आप्पा येऊन बसले होते. तिरके, थोडे हललेले, ओठाला भाकरीचा कण, चष्मा कपाळावर आणि बोट वर.

दहाव्याला तोच फोटो हार घालून ठेवला. बमरोली, पांडेसरा, उधना, सगळीकडचे फोटोग्राफर आले होते. जो तो फुलं वाहायला पुढे व्हायचा आणि फोटोसमोर उभा राहिला की चोरासारखा अवघडायचा. उधन्याचा तो स्टुडिओवाला माझ्या कानात म्हणाला, "त्या दिवशी नुसती पट्टी खाली होती. मला तेव्हाच माहीत होतं." माझा नंबर आला. आई शेजारी होती. मी तिथेच तिला सांगितलं, की कुंकवाने काही गेलं नव्हतं, फॉरमॅट मी केलं होतं.

तिने फोटोकडे बघत विचारलं, "आप्पाले माहीत व्हतं?" मी हो म्हटलं. तिने पुन्हा एकदा, आधीपेक्षा जास्त वेळ, हात जोडले. माझ्याशी ती तीन दिवस बोलली नाही, आणि ते मला फार स्वस्तात पडलं असं मला वाटतं.

दसऱ्याला ती पहाटेच न्हाऊन बसली. कॅमेरे, लेन्सा, लॅपटॉप, ड्रोन, चार्जर, सगळ्यांना तिने इतक्या वर्षांचं साठलेलं हळदकुंकू लावलं. मग माझ्याकडे बघून कार्डं मागितली. सगळ्या फोटोंच्या दोन दोन नकला मी आदल्या दिवशीच करून ठेवल्या होत्या. मी कार्डं पाटावर मांडली. एक मात्र, नवं कोरं, लग्नसराईसाठी घेतलेलं, हळूच खिशात ठेवून दिलं.

वर भिंतीवर आप्पांचा फोटो आहे. त्यांच्या मुलाकडून एक प्रत मी मागून घेतली. मी वर बघितलं, आणि खिशातलं कार्ड काढून पाटावर ठेवलं. आईने त्याला सगळ्यांत मोठं कुंकू लावलं.