समुद्राला दिलेलं शेत

भावाचा फोन आला तेव्हा मी जुन्नरच्या घरी गच्चीवर डाळ वाळत घालत होते. "तुझी वहिनी गेली गं," एवढंच बोलला आणि फोन तसाच धरून रडत राहिला. सकाळी चहा पिऊन, भांडी घासून, बसल्या जागी गेली. कुणाला आपल्यासाठी धावपळ करू द्यायची नाही हा तिचा स्वभाव… मला मात्र तिचा रागच आला. निरोप न घेता जायचं म्हणजे काय!

सुनंदावहिनी कोकणातली, समुद्रकाठची. लग्न होऊन घोडेगावजवळच्या आमच्या गावी आली तेव्हा आईनं तिला बाजरीची भाकरी थापायला बसवलं आणि तिची वेडीवाकडी भाकरी बघायला शेजारणींना बोलावलं. सगळ्यांबरोबर वहिनीही हसली. पुढं ती आमच्यापेक्षा चांगल्या भाकरी करू लागली, पण समुद्र काही तिच्यातून गेला नाही. अमावास्या-पुनवेला हातातलं काम थांबवून म्हणायची, "आज तिकडं उधाण असंल." त्यावर आई, "हितं प्यायला पाणी न्हाई आन् हिला उधाण!"

तिच्या माहेरी समुद्रालगत भातशेत होतं. खारं पाणी आत शिरू नये म्हणून मातीचा लांबलचक बांध. पूर्वी बांधाला भगदाड पडलं की सगळा गाव टोपल्या घेऊन धावायचा. पुढं गाव मुंबईला गेला आणि बांध राखायला वहिनीचा थोरला भाऊ, नारायणदादा, एकटा उरला. काही वर्षांपूर्वी वादळात बांध फुटला. दादा माती टाकायचा, पुढच्या उधाणाला समुद्र ती घेऊन जायचा. जमिनीत वहिनीचाही वाटा, म्हणून त्यानं तिला बोलावलं. सोबत मी गेले. वहिनी भरती येऊन ओसरेपर्यंत त्या भगदाडाशी उभी होती. मग म्हणाली, "दादा, आता नको भरूस. येऊ दे त्याला आत. आपण मागं सरू, घराजवळ उंचावर नवा बांध घालू. मधल्या शेतात तिवरांची झाडं उगवतील, लाटा तीच अडवतील."

"बाबांनी पाठीवर माती वाहिली, ती अशी सोडू?"

"बाबा असते तर त्यांनी तुला असं मरू दिलं नसतं."

"तुझं काय जातंय गो? तू घाटावर जाऊन बसलीस!" दादा म्हणाला आणि पाठ फिरवून घरात गेला. आम्ही निघालो तरी बाहेर आला नाही. मी तर हबकलेच होते. आमच्या जुन्नर-आंबेगावात वीतभर बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, आणि ही बाई अख्खं शेत पाण्याला द्यायला निघाली! एसटीत मी तिला म्हटलंही, "वहिनी, येडी का काय तू?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "शेत जाणारच व्हतं गं. त्याच्यापायी दादा जायला नको."

दादानं तिचं ऐकलं, भगदाड भरलं नाही, घराजवळ नवा बांधही घातला. पण तिला पुन्हा बोलावलं नाही. भाऊबीजेला ती अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. माहेरचा मुराळी न्यायला येईल म्हणून वाट बघायचं तिचं वय उरलं नव्हतं, तरी बघायची. माझा भाऊ म्हणायचा, "आपणहून जाऊन ये की." ती म्हणायची, "बोलावल्याबिगर न्हाई." त्या वाट बघण्यात तिची किती वर्षं गेली, आठवलं की अजून जीव कासावीस होतो.

अंत्यविधीला दादा आला नाही, दहाव्याला आला. जेवला नाही. ओट्यावर माझ्याजवळ बसून म्हणाला, "तिवरं डोक्याच्या वर गेली, ताई. गेल्या साली वादळ आलं, घराला पाणी लागलं नाय. दर दिवाळीला म्हणायचो, यंदा आणतो तिला, दाखवतो… मग वाटायचं, आधी तिनं यावं." चार शब्द सुनावायचे मी ठरवूनच बसले होते. पण त्याच्याकडे बघितलं आणि वहिनीच दिसली. तोच हट्ट, तीच खाली घातलेली मान.

तेवढ्यात माझ्या भावानं आतून एक कापडी बॅग आणली. "ही कायम भरलेली असायची. म्हणायची, दादा ऐनवेळी येईल, मग धांदल नको." दादानं चेन उघडली. वर वहिनीच्या दोन साड्या, खाली नवं कोरं घोंगडं. आमच्याकडच्या धनगराकडून तिनं ते दादासाठी विणून घेतलं होतं. दादानं चेन परत लावली आणि बॅग उराशी धरून बसला.

घोडेगावच्या स्टँडवर त्याला पुण्याच्या गाडीत बसवायला मी गेले. बॅग वर फळीवर ठेवा म्हटलं तर ऐकेना. त्यानं ती खिडकीच्या जागेवर ठेवली आणि आपण कडेला बसला. गाडी भरत होती. एक बाई त्याच्यापाशी येऊन थांबली. "पावणं, हितं कुनी हाय का?"

"हाय," दादा म्हणाला. "माझी बहीण हाय."