आधी कागद, मग फोन

धक्क्यावर त्याला सगळे भिंगरी म्हणत. खरं नाव सरकारी कागदांवर असेल, तेवढंच. पायाला भिंगरी लागलेली माणसं पुष्कळ असतात, पण हा ती लावूनच जन्माला आला होता. लहानपणी जेवायला बसवला की दुसऱ्या घासाला हा ताटासकट दाराबाहेर. पुढे घड्याळदुरुस्ती शिकायला ठेवला, तर तीन आठवड्यांत दुकानदाराने हात जोडले. "बाबा रे, माझ्या दुकानातले काटेसुद्धा तुझ्यापेक्षा कमी फिरतात." मग तो बसमध्ये कंडक्टर झाला, आणि तिथे मात्र जमलं. बावीस वर्षं हा चालत्या बसमध्ये चालत राहिला. त्या मार्गावरचे उतारू म्हणायचे, बस गावाला पोचेपर्यंत हा पायी पोचलेला असतो, फक्त आत चालतो एवढंच.

कंडक्टरी संपली आणि घरात बसायची वेळ आली. चार दिवसांत बायकोने भिंतीवरचं कॅलेंडर, दारातली झाडं आणि स्वतःचं डोकं, तिन्ही त्याच्यापासून वाचवायला सुरुवात केली. पाचव्या दिवशी म्हणाली, "अहो, बाहेर काहीतरी बघा. नाहीतर मी बघते."

त्याने बघितलं ते असं. धक्क्यावर मोठमोठी प्रवासी जहाजं लागायची. सकाळी त्यातून शेकडो माणसं उतरायची, दिवसभर हिंडायची आणि संध्याकाळी परत जहाजात. त्यातली निम्मी माणसं लाँचमध्ये बसून प्रवाळ बघायला जायची. तोंडाला नळी लावायची, पाण्यात डोकं घालायचं आणि कासवं बघायची. जाताना प्रत्येकाच्या गळ्यात, हातात, खिशात फोन नाहीतर कॅमेरा. येताना निम्म्यांचे चेहरे उतरलेले. कुणाचा फोन पाण्यात गेला, कुणाच्या कॅमेऱ्यात वाळू गेली, कुणी फोन बाकावर ठेवला आणि लाट आली. भिंगरीने धक्क्याच्या तोंडाशी पत्र्याची टपरी टाकली आणि फोन ठेवायचे पारदर्शक, पाणी न शिरणारे पाऊच भाड्याने द्यायला लागला. गळ्यात अडकवायची दोरी, दोरीला बूच. हातातून सुटला तरी फोन तरंगतो.

पण त्याचं खरं वैशिष्ट्य पाऊच नव्हतं. पाऊच कुणीही देतं. भिंगरी कुणाच्याही हातात पाऊच देण्याआधी त्यात कागदी रुमालाची घडी घालायचा, तोंड दाबून बंद करायचा आणि बादलीतल्या पाण्यात दगडाखाली दहा मिनिटं दाबून ठेवायचा. घडी कोरडी निघाली तर पाऊच पास. ओली निघाली तर रद्दीच्या डब्यात. आणि हे रोज. काल पास झालेला पाऊच आज नापास होऊ शकतो, कारण तोंडाच्या खाचेत वाळूचा एक कण बसला की संपलं. "आधी कागद, मग फोन!" असं तो दिवसभर ओरडायचा. लोक हसायचे. शेजारचा टोप्या विकणारा म्हणायचा, "भिंगरी, बायको करायच्या आधी तिलाही बादलीत बुडवून पाहिलं होतंस का रे?"

लोकांना काय माहीत त्यामागे काय होतं! लग्नानंतर आठच दिवसांनी हा बायकोला घेऊन समुद्रावर गेला होता. मेव्हण्याचा कॅमेरा होता. त्यात लग्नाचा अख्खा रोल, अजून धुवायला दिलेला नव्हता. होडीत बसताना भिंगरीने कॅमेरा नीट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला, गाठीवर गाठ मारली आणि मग पाण्यात हात घालून मासे दाखवायला वाकला. पिशवी पाण्यात. लगेच उचलली म्हणा, पण पिशवीला तळाशी एक भोक होतं, करंगळीच्या नखाएवढं. मेव्हण्याने कॅमेऱ्याबद्दल कधी शब्द काढला नाही. बायकोने मात्र एकतीस वर्षं काढला. पाहुणे घरी आले, अल्बम मागितला, की ती म्हणायची, "आमचं लग्न झालंय याचा पुरावा माशांकडे आहे."

तर त्या दिवशी दोन जहाजं एकदम लागली होती. धक्क्यावर पाय ठेवायला जागा नाही. भिंगरीच्या टपरीत एक लाकडी फळी उभी असायची, दोन पायांवर. फळीच्या डाव्या बाजूच्या खिळ्यांवर पास झालेले पाऊच, उजव्या बाजूला अजून न बुडवलेले. हात आपोआप डावीकडे जायचा. बघायची गरज नव्हती, आणि बघायला थांबणारा हा माणूस नव्हताच. भराभर पाऊच दिले. दोन मित्र होते, त्यांना दोन. एका तरण्या जोडप्यातल्या नवऱ्याला एक. आणि चौथा एका बाईंना.

त्या बाई सत्तरीच्या असतील. शाळेच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेलं, तसं त्यांनी रांगेतच सांगितलं. फोन छातीशी धरून उभ्या होत्या. "ह्यांचा पाय परवा जहाजाच्या जिन्यात मुरगळला," त्या म्हणाल्या. "प्लास्टर घालून खोलीत पडलेत. तीन वर्षं कासवांची वाट बघत होते. मी म्हटलं, मी जाते, फोटो काढून आणते, तुम्ही पडल्या पडल्या बघा. यात आठ दिवसांचे फोटो आहेत हो. जपून ना?"

"बाई, माझा पाऊच म्हणजे तिजोरी," भिंगरी म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. लाँच सुटली.

अर्ध्या तासाने गर्दी ओसरली. भिंगरीने सवयीने एक पाऊच डावीकडून काढला आणि त्याच्या बोटांना काहीतरी खुपलं. खाचेत वाळू. कालची. त्याने दुसरा काढला. तोही खडखडीत कोरडा, बाहेरून सुद्धा. सकाळी बुडवलेला पाऊच कोपऱ्यांत थोडा तरी ओला असतो. त्याने उजवीकडे पाहिलं. उजवीकडचे सगळे कोपऱ्यांत ओले.

"अगं!" तो ओरडला. "ही फळी कुणी फिरवली?"

बायको मागे पाणी भरत होती. "मी. ऊन त्या बाजूला येतं ना. ओले पाऊच उन्हात वाळायला नकोत?"

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं की! तुम्ही तेव्हा दाढीचा फेस लावून धक्क्याच्या त्या टोकाला होतात. हूं म्हणालात."

"मी हूं म्हणालो?"

"दोनदा."

भिंगरीच्या पायांना आता कारणच मिळालं. ते दोघे मित्र चहाच्या टपरीवर सापडले. पाऊच अजून घडी घातलेलेच होते. तरणं जोडपं बसच्या रांगेत भांडत उभं होतं. पाऊचमध्ये फोन नव्हताच, नवऱ्याने त्यात कंगवा ठेवला होता. भिंगरीने तिघांचे पाऊच बदलून दिले आणि धापा टाकत परत आला. तीन सापडले. चौथा समुद्रात.

लाँच चालवणारा सारंग त्याच्या ओळखीचा होता. त्याला फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. पुन्हा लावला. अकरा वेळा लावला.

"उचलत का नाही हा शहाणा?" भिंगरी म्हणाला.

बायको शांतपणे म्हणाली, "तुम्हीच त्याला पाऊच दिलात ना गेल्या महिन्यात? प्रवाळावर असताना फोन पाऊचमध्ये, पाऊच पेटीत, पेटीला कुलूप. वाळूचा कणही जाणार नाही म्हणालात. आवाज तरी कसा जाईल?"

भिंगरी बाकावर बसला. बसला म्हणजे टेकला आणि उठला. धक्का दोनशे पावलांचा. हा त्या टोकाला जाऊन यायचा, डोळ्यांवर हात धरून क्षितिजाकडे बघायचा, परत फिरायचा. डोळ्यांसमोर एकच चित्र: बाई पाण्यात वाकल्यात, कासव खालून चाललंय, फोन पुढे धरलाय, आणि खाचेतल्या वाळूच्या कणापाशी एक बारीक बुडबुडा. आठ दिवस. प्लास्टरातले आजोबा. करंगळीच्या नखाएवढं भोक.

"भिंगरी, लाकूड झिजेल रे," टोपीवाला म्हणाला.

"तू गप टोप्या मोज."

बाराव्या फेरीला बायकोने त्याच्या हातात पेला दिला. "प्या."

"आधी आपलं लग्न बुडवलं, आता एकाची कासवं," तो म्हणाला. पाणी न पिताच पेला परत दिला आणि तेराव्या फेरीला निघाला. बायकोने या वेळी काही टोमणा मारला नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. त्यामुळे तो आणखीच घाबरला.

तीनच्या सुमाराला लाँच दिसली. धक्क्याला लागायच्या आधीच भिंगरी पायऱ्यांवर खाली उतरून उभा. बाई ओल्या केसांनी, हळूहळू उतरल्या. गळ्यात पाऊच होता आणि त्यात पाणी होतं. दोन बोटं पाणी, स्वच्छ दिसत होतं.

भिंगरीने पाऊचकडे बोट केलं. "बाई... फोन?"

बाईंनी हातातली टोपी पुढे केली. टोपीत एक डबा, डब्यात रुमाल, रुमालात फोन. खडखडीत कोरडा.

"अहो, सकाळी रांगेत तुम्ही ओरडत होतात ना, आधी कागद, मग फोन," बाई म्हणाल्या. "लोक हसत होते. मी आयुष्यभर पोरांना हेच सांगत आले, नवी नळी आली की आधी पाण्याने तपासा, मग आम्ल भरा. कुणी ऐकलं नाही. म्हटलं, हा माणूस आपल्यातला. मग लाँचमध्ये बादली होती, तिच्यात मी कागद घालून पाऊच बुडवला. दहा मिनिटांत कागद भिजून लगदा. मला वाटलं, तुम्ही माझी परीक्षाच घेताय की काय!"

भिंगरीने दोन्ही हात कानांना लावले. "बाई, चूक माझी. फळी फिरली होती, मी पाहिलं नाही."

"फोन वाचला हो," बाई म्हणाल्या, पण चेहरा खुलला नाही. "कासव मात्र राहिलं. पाण्यात फोन नेताच आला नाही. तीन कासवं पाहिली, आणि ह्यांना दाखवायला एक नाही. तोंडाने किती सांगू? काय काय पाहिलंत म्हणून कुणी विचारत नाही, फोटो कुठे म्हणून सगळे विचारतात."

जहाजावर परतायला अजून पाऊण तास होता. भिंगरी खाली बघत होता, आणि त्याच्या पायांशी, पायऱ्यांच्या सावलीत, धक्क्याच्या खांबांभोवती पिवळ्या पट्ट्यांचे मासे फिरत होते. रोज असायचे. रोज कोण बघतो?

"कासव नाही," तो म्हणाला. "पण मासे देतो. चालेल?"

उजव्या बाजूचा, म्हणजे खरा पास झालेला पाऊच त्याने आणला. बाई म्हणाल्या, "आधी कागद." त्याने कागद घातला, बादलीत दाबला आणि वाट बघू लागला. चार मिनिटांनी हात बादलीकडे गेला तर बाईंनी तो हळूच बाजूला केला. "पूर्ण दहा, दादा." ती दहा मिनिटं त्याला बावीस वर्षांच्या नोकरीपेक्षा लांब वाटली. कागद कोरडा निघाला, तेव्हा कुठे बाईंनी आपला फोन आत ठेवू दिला.

भिंगरी पँटसकट कमरेएवढ्या पाण्यात उतरला. पायरीवर शेवाळ. फोन पाण्याखाली धरला आणि दाबत सुटला. पण स्थिर राहणं म्हणजे काय हे त्या हाताला कुणी शिकवलंच नव्हतं. मासा एकीकडे, फोन दुसरीकडे.

"हात हलवू नका!" वरून बायको ओरडली.

"मासे हलतायत!"

"मासे हलणारच! तुम्ही मासा आहात का?" असं म्हणत तीच दोन पायऱ्या उतरली आणि मागून त्याची कॉलर धरली. तेवढ्यात त्याचा पाय घसरला, फोन वर फिरला, आणि तरीही बोटाने दाबलंच.

वर येऊन तिघांनी फोटो पाहिले. एकोणीस होते. चौदांमध्ये पिवळा धूर. तीन फोटोंत भिंगरीचा अंगठा. एकात त्याचा पाय, भुतासारखा. आणि शेवटचा एक असा लख्ख की बघत राहावं: वर आकाश, कडेला धक्क्याचा कठडा, आणि मधोमध त्याची बायको. तोंड उघडं, केस उडालेले, हात पुढे कॉलरीकडे आलेला, आणि डोळ्यांत अशी भीती, की तिने ती कधी कबूल केली नसती.

बाई हसायला लागल्या ते थांबेनात. "ह्यांना हाच दाखवते. म्हणते, कासव नाही मिळालं, पण या समुद्रात असा मासा असतो."

"तोंड काय वासलंय माझं!" बायको म्हणाली. पण फोन काही तिने परत दिला नाही. दोन बोटांनी फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला. भिंगरी कपडे पिळत दुसरीकडे बघत होता. "हा मला पाठवता येईल का?" तिने बाईंना विचारलं, इतक्या हळू की टोपीवाल्याला ऐकू जाऊ नये.

बाईंनी पाठवला. मग भोंगा झाला आणि त्या लगबगीने जहाजाकडे गेल्या. जाताना दोनदा मागे वळून हात केला.

त्या आठवड्यात भिंगरीने फळीचे पाय जमिनीत ठोकून पक्के केले, आणि पास झालेल्या प्रत्येक पाऊचच्या दोरीला गाठ मारायला लागला, म्हणजे डावं-उजवं काही असो, बोटांना कळावं. बायको पाण्याच्या जवळपासही जात नाही. तरी तिचा फोन आता गळ्यात असतो, पाऊचमध्ये, बुचासकट. लोक विचारतात तेव्हा ती म्हणते, आमच्या घरचा माणूस कधी कशात पाडेल सांगता येत नाही.

परवा फेऱ्या घालता घालता भिंगरी तिच्यापाशी थांबला. हो, थांबला. "कागद घालून पाहिलास का?"

"दोनदा," ती म्हणाली. "जा, फिरा."