दोघांनी उचलायची बॅटरी

शेजाऱ्यानं चाकांवरचं घर आणलं तेव्हापासून मी त्याच्यावर जळतो. खोटं कशाला बोलू.

पैठण रोडला आमची कॉलनी. शेजारी वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झाला आणि त्यानं जीपमागं ओढायचा एक डबा बनवून घेतला. आत पलंग, शेगडी, पंखा, छोटा फ्रीज. हे सगळं चालवायला, जीपला जोडायच्या पुढच्या दांडीवर दोन मोठ्या बॅटऱ्या. नवराबायको त्यात बसून आधी कोकणात जाणार, तिथून पुढं वाटेल तिकडं. माझी बायको जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

डबा आला त्याच आठवड्यात एक बॅटरी चोरीला गेली. भर दुपारी, मोकळ्या प्लॉटच्या कडेला डबा उभा असताना. शेजारी डोक्याला हात लावून बसला. मी तोंडानं अरेरे म्हटलं आणि घरात जाऊन चहा केला. तो चहा मला लई गोड लागला.

नवी बॅटरी आली. मग रोज सांजच्याला दोघं बॅटऱ्या सोडवून घरात न्यायला लागले. एका बाजूला तो, एका बाजूला ती. पन्नास-साठ किलोचा ऐवज, एकट्याचं काम नाही. वहिनी म्हणायच्या, "एक, दोन, तीन!" आणि तिनाला दोघं उचलायचे. दोन पावलांवर हसू आलं की परत खाली.

"अहो, पोट आत घ्या. बॅटरीला रस्ता नाही राहिला."

"तू आधी तुझं तोंड बंद कर, मग उचल."

मी ओट्यावरून बघायचो. उठून आत जावं तर पाय उठायचे नाहीत.

हेच काम आम्ही दोघांनी कितीतरी वर्षं केलं होतं. मी टेम्पो चालवायचो. चितेगावच्या कंपन्यांचा माल घेऊन पार गुजरातपर्यंत. आमच्या जुन्या गल्लीत बॅटऱ्या चोरीला जायच्या, म्हणून गाडी घरी असली की बॅटरी घरात. माझी कंबर गेलेली, म्हणून दुसऱ्या बाजूला बायको. तिनं जुन्या सुती लुगड्याला पीळ घालून दोर केला होता, दोन्ही टोकांना मूठ. बॅटरीच्या कड्यांतून तो ओवायचा. एक-दोन-तीन असली भानगड नाही. ती नुसतं "हं" म्हणायची की उचललं. बाजेखाली पोत्यावर बॅटरी ठेवली की म्हणायची, "आवं, ही सवत आणलीया तुमी. सांजंला घरात घ्या, सकाळी नटवून बाहीर काढा. फिरायला बी तुमच्यासंगं तीच. मी नाय."

खरं होतं ते. केबिनमधली बाजूची सीट किती खेपा रिकामी जायची. मी म्हणायचो, पुढच्या खेपंला नेतो. बाई वेरूळपल्याड गेली नाही.

एक दिवस शेजारी माझ्याकडं आला. "भाऊ, तुम्ही गाडीवाले माणूस. काहीतरी पक्कं सांगा. ही म्हणते, रोज बॅटरीची राखण करायची असली तर मी येणारच नाही. वाटंत कुणाच्या घरात नेऊन ठेवायच्या?"

मी सगळं सांगितलं. अँगलचा पिंजरा करून दांडीलाच वेल्डिंग मार. बोल्टच्या डोक्यावर वेल्डिंगचा टाका दे, म्हणजे पान्यानं फिरायचा नाही. कुलूप आतल्या बाजूला घे, कटर पोचला नाही पाहिजे. बॅटरीच्या अंगावर तापल्या सळईनं गाडीचा नंबर ओढ, भंगारवाला हात लावणार नाही. डबा उभा करशील तेव्हा दांडी भिंतीकडं. तो वहीत लिहून घेत होता. त्याला वाटलं, माणूस मनाचा मोठा. मला फक्त ती रोजची एक-दोन-तीन बंद करायची होती.

कुलूप मीच शहागंजातून आणून दिलं. त्याला तीन किल्ल्या होत्या. दोन दिल्या. तिसरी बंडीच्या खिशात ठेवली.

पिंजरा झाला, उचलणं थांबलं. पण आता दोघं डब्याच्या दारात बसून चहा प्यायला लागले. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनी चटणीची बरणी घेऊन आल्या. "भाऊजी, महिनाभर पुरंल. ताई असत्या तर चौघं गेलो असतो बघा."

चांगल्या मनानं बोलल्या. पण मला ते सोसलं नाही. होती तेव्हा तरी मी कुठं नेलं?

दुपारी दोघं जीप घेऊन बाजारात गेले. मी खुंटीवरचा बायकोचा दोर काढला आणि किल्ली घेऊन पिंजऱ्यापाशी गेलो. बॅटरी माझ्या घरात लपवायची. परत चोरी झाली म्हटल्यावर वहिनी जाणार नाहीत, म्हणजे शेजारीही जाणार नाही. एवढाच विचार.

तारा सोडल्या, दोर ओवला, दोन्ही मुठी धरून ओढलं. बॅटरी अर्धी बाहेर आली आणि माझी कंबर धरली. आता ती आतही जाईना आणि बाहेरही येईना. मी तसाच वाकून उभा.

तेवढ्यात वहिनी आल्या. शेजारी त्यांना कोपऱ्यावर सोडून टायरात हवा भरायला गेला होता. त्यांनी पिशव्या खाली टाकल्या.

"अगंबाई, भाऊजी! तारा साफ करताय का? एकट्यानं? हाक मारायची की!"

मी काही बोलायच्या आत त्यांनी दुसरी मूठ धरली. माझ्या बायकोची मूठ. "एक, दोन..." त्यांनी सुरू केलं आणि माझ्या तोंडून "हं" निघालं. मी उचललं. त्या अजून तिनाची वाट बघत होत्या. बॅटरी त्यांच्याकडं कलली, काठोकाठ भरलेलं तेजाबाचं पाणी झाकणांतून उसळलं आणि दोरावर, पदरावर सांडलं. कशीबशी ती आत ढकलली. वहिनी घरात पळाल्या, हात पाण्याखाली धरला, पदराला खायचा सोडा लावून धुतला. हात वाचला. पदराला भोकं पडलीच. आमच्या घरात एकही लुगडं बिनभोकाचं नव्हतं.

"जाऊ द्या, जुनीच आहे साडी," त्या म्हणाल्या.

मग मला राहवलं नाही. "वहिनी, साफ नव्हतो करत. बॅटरी चोरत होतो. तुम्ही जाऊ नये म्हणून."

त्यांनी ओला पदर पिळला. मग म्हणाल्या, "अन् एकट्याला उचलंल असं वाटलंच कसं तुम्हाला?"

मी किल्ली पुढं केली. त्यांनी ती घेतली, कमरेला खोचली. "ह्यांना नाही सांगत. पण तारा परत लावून द्या आधी. नीट लावा."

मी नीट लावल्या.

सकाळी ते गेले. वहिनी बाजूच्या सीटवर होत्या. शेजाऱ्यानं खिडकीतून हात केला, मीही केला. वहिनींनी केला नाही. जीप वळणाआड गेली तरी मी जळतच होतो. अजून जळतो.

घरात आलो आणि दोर खुंटीला लावायला घेतला. त्यांची साडी धुतली, हात धुतला, दोर धुवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तेजाबानं रातभर आपलं काम केलं होतं. माझ्याकडची मूठ शाबूत होती. तिची मूठ हातात धरली आणि ती भिजल्या कागदासारखी तुटून आली.