नबीलालच्या पोरीचा विषय

भाऊसोंनी मुबशिराकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका फुटलेल्या फुटबॉलमुळे. नव्वद सालचा हंगाम होता. उंबराची तालीम आणि चाफ्याची तालीम यांचा सामना ऐन रंगात आला असताना चेंडू फुटला. तो कुणी फोडला यावरून मैदानात जी जुंपली, ती संध्याकाळी नबीलालच्या दुकानापर्यंत येऊन पोचली. नबीलाल पेठेतल्या सगळ्या तालमींचे चेंडू शिवून द्यायचा. चेंडू कुणाचाही असो, त्याचा टाका सारखाच असायचा. त्यामुळे त्याच्या दुकानाच्या फळीवर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं शेजारी शेजारी बसत.

भाऊसो उंबराच्या तालमीचे अध्यक्ष. अंगाने थोराड, आवाजाने त्याहून थोराड. संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ दुधाचा पेला हातात द्यायचा, हा त्यांचा वडिलांपासूनचा धंदा. त्या दिवशी म्हशी तशाच सोडून ते दुकानात आले होते. चाफ्याच्या पोराने मुद्दाम बुटाची टोच मारली, असं ते तावातावाने सांगत होते. कोपऱ्यात नबीलालची चौदा वर्षांची मुलगी दोऱ्याला मेण लावत बसली होती. तिने चेंडू उचलला, उसवलेली शिवण बोटाने उलटी करून पाहिली आणि विचारलं, "मामा, हवा कुणी भरलीती?"

हवा भाऊसोंनीच भरली होती. चेंडू टणक पाहिजे म्हणून पंपाचे दणके जरा जास्तच मारले होते. हवेचा इथं काय संबंध, असं म्हणून त्यांनी चहा संपवला आणि ते उठले. पण घरी जाताना त्यांना हसू आवरेना. नबीभाईची पोरगी वकील होणार, असं त्यांनी बायकोला सांगून टाकलं.

पेठेलाही तसंच वाटलं. मुबशिरा कायद्याला गेली तेव्हा निम्म्या गल्लीने आपापले भाडेकरूंचे आणि बांधाचे खटले तिच्यासाठी राखून ठेवले. पण तिने काळा कोट घातलाच नाही. पुण्याला जाऊन ती आणखी शिकली, आणि विषय घेतला आंतरराष्ट्रीय कायदा. परत आल्यावर एका कॉलेजात संध्याकाळच्या वर्गांना शिकवू लागली. तिची आई अमीरबी शेजारणींना सांगायची की पोरगी देशादेशांतली भांडणं शिकवते, आणि मग खालच्या आवाजात म्हणायची की त्याची तारीख कुठल्या कोर्टात पडते ते मात्र मला विचारू नका.

मुबशिराच्या स्वभावात एक गोष्ट होती. तिला कुणी काही विचारलं की ती आधी तो प्रश्न स्वतःशी पुन्हा म्हणायची, जणू नाणं खरं की खोटं ते वाजवून बघावं, आणि मगच उत्तर द्यायची. उत्तर ठाऊक नसेल तर तसं सांगायची. सकाळी ती दुकानात बसून वडिलांसाठी दोऱ्याला मेण लावी आणि संध्याकाळच्या तासाची तयारी मनातल्या मनात करी. मेण लावताना ओठ हलत असले की नबीलाल गिऱ्हाइकाला खुणेने गप्प बसवायचा. पोरगी वर्गात आहे, म्हणायचा.

तिच्या विषयातला एक गुन्हा तिला फार जवळचा होता. एका देशाने दुसऱ्या देशावर चालून जाणं, हा तो गुन्हा. दुसऱ्या महायुद्धानंतर हरलेल्या देशांच्या पुढाऱ्यांना त्यासाठी शिक्षा झाली होती. अठ्ठ्याण्णव साली रोमला बऱ्याच देशांनी मिळून कायमचं कोर्ट स्थापायचं ठरवलं, तेव्हा हा गुन्हाही त्यात लिहिला गेला. पण चालून जाणं म्हणजे नेमकं काय, यावर त्यांचं एकमत होईना. मग गुन्ह्याचं नाव तेवढं ठेवलं आणि व्याख्या पुढे ढकलली. बँकेतून, साखर कारखान्यातून थकून आलेले तिचे विद्यार्थी विचारत, की मॅडम, यात आपला देश आहे का? ती सांगे, नाही. मग आम्ही कशाला शिकायचं? तो प्रश्न स्वतःशी म्हणून ती हसायची आणि फळ्याकडे वळायची.

दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात, सामने संपत आले असताना, भाऊसो एका संध्याकाळी कट्ट्यावर धार काढत होते. तालमीची पोरं पळत आली. त्यांच्यात पुढे पृथ्वीराज. संघाचा हुकमी खेळाडू, आणि नुकताच सैन्याच्या भरतीत पास झालेला. पोरांनी बातमी आणली की चाफ्याच्या गल्लीत माणसं जमलीत, हातात बांबू आहेत, रात्री आपल्यावर येणार. भाऊसोंनी मान वर केली नाही. म्हैस द्वाड होती, मध्येच हात थांबवला तर लाथ झाडायची. धारेचा आवाज न मोडता ते म्हणाले, "मग ती यायच्या आदी तुमी जावा की. आनि मोकळ्या हातानं येऊ नगा."

पोरं गेली. चाफ्याच्या तालमीच्या काचा फुटल्या, कॅरमचा बोर्ड मोडला, आणि कपाटातली मोठी ढाल घेऊन सगळी परत आली. गेल्या वर्षीचं विजेतेपद चाफ्याने जिंकलं होतं, म्हणजे ही तीच ढाल असणार, असं धरून उंबराखाली जल्लोष झाला. दिव्याजवळ नेऊन पाहिलं तेव्हा ढालीवर वीणा आणि टाळ कोरलेले होते. चाफ्याच्या गल्लीतल्या बायकांच्या भजनी मंडळाने गडहिंग्लजच्या स्पर्धेतून ती आणली होती.

बांबूंचा उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. भजनी मंडळाचा सप्ताह बसणार होता आणि गल्लीतले पुरुष मांडव घालत होते.

पेठेत अशा भांडणांची एक रीत ठरलेली होती. दोन्ही तालमींची वडीलधारी माणसं एकत्र बसत. चूक ज्यांची, त्यांचा अध्यक्ष उठून म्हणे की पोरांच्या हातनं चूक झाली. मग दोन-तीन पोरांना चारचौघांत शिव्या बसत, त्यांची नावं हवालदार ठाण्यात नेण्यासाठी लिहून घेई, आणि चहा होई. आजवर त्या नावांनी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण आता पृथ्वीराजची भरतीसाठीची पोलिस चौकशी व्हायची होती. त्याचं नाव ठाण्यात गेलं की सैन्याची नोकरी गेली. आणि चाफ्याच्या लोकांनी ओळखलं होतं ते त्यालाच.

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी भाऊसो नबीलालच्या दुकानात आले आणि फळीवर बसले. पृथ्वीराजची आई रात्रभर त्यांच्या दारात बसून गेली होती. मुबशिरा दोऱ्याला मेण लावत होती. कायद्यात काही पळवाट असली तर सांग, असं त्यांनी तिला सरळच विचारलं. ती म्हणाली, "मामा, फौजदारी माझा विषय न्हवं. कॉलेजातल्या दुसऱ्या सरांचं नाव देते."

"मग तुजा इषय तरी काय हाय त्यो सांग एकदा. इतकी वर्सं झाली, पेठंला कळंना."

तिने सांगितलं. आज संध्याकाळी शिकवायचं होतं तेच सांगितलं. एक देश दुसऱ्यावर चालून गेला, तर लढणाऱ्या शिपायाला या गुन्ह्यात धरायचं नाही, यावर बहुतेक सगळ्यांचं एकमत आहे. शिपायाने लुटलं, बायकामुलांना मारलं, तर त्याचा जाब त्याने वेगळा द्यायचा. पण चालून जाण्याचा गुन्हा ज्याच्या हातात ते ठरवणं होतं, त्याचा.

भाऊसो मोठ्याने हसले. "म्हंजे बडवून आला त्यो सुटला, आनि घरात बसला त्यो अडकला? उलटं शास्तर हाय गं तुजं."

"घरात बसला त्यो अडकला," तिने स्वतःशी म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "घरात बसला म्हणून न्हाय, मामा. थांबवणं कुणाच्या हातात होतं, एवढंच बघायचं."

"आनि दुसरी येनार हायती म्हनून आदी गेला तर?"

"सगळेच तसं सांगतात," ती म्हणाली. "आजवर कुणी बी आपण हौसेनं गेलो म्हणून सांगितलेलं न्हाय."

नबीलालने आरी बाजूला ठेवली आणि चहा सांगितला. भाऊसो चहा न पिताच बसून राहिले. ग्लासावर साय धरली. उद्या बैठकीला तू येणार का, असं त्यांनी शेवटी विचारलं. दोन्ही तालमींनी नबीलालला बोलावलं होतं आणि वडिलांना ऐकू कमी येत असल्यामुळे ती जाणारच होती. "येणार. पण तिथं मी काय बोलणार न्हाय," ती म्हणाली. पोरांना कुणी पाठवलं ते तिने विचारलं नाही. तिने ते विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं भाऊसोंना घरी जाताना वाटलं. रागावून उठून तरी जाता आलं असतं.

बैठक चाफ्याच्या तालमीत भरली, फुटलेल्या काचांच्या खाली. चाफ्याचे अध्यक्ष गणपतराव मध्ये बसले. हवालदार वही काढून तयार. भिंतीकडेला भजनी मंडळाच्या बयाबाई बसल्या होत्या. तालमीत बायकांनी यायची पद्धत नव्हती, पण ढाल आमची गेली आहे, असं म्हणून त्या सरळ आत आल्या होत्या, आणि त्यांना अडवायची गणपतरावांची छाती झाली नव्हती. नबीलालच्या मागे मुबशिरा.

भाऊसो उठले. रीतीप्रमाणे म्हणाले, "पोरांच्या हातनं चूक झाली." पुढच्या शिव्या त्यांना पाठ होत्या. समोर पृथ्वीराज मान खाली घालून बसला होता. भरतीसाठी बारीक कापलेले केस अजून वाढले नव्हते, आणि मान शेळीच्या करडासारखी उघडी दिसत होती. पोरं त्या रात्रीपासून गप्प होती. कुणी पाठवलं ते त्यांच्यातला एकही सांगणार नव्हता, हे भाऊसोंना ठाऊक होतं. त्यांनीच त्यांना तसं वाढवलं होतं.

त्यांनी मुबशिराकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. वडिलांच्या कानाशी वाकून, आत्ता काय बोललं गेलं ते सांगत होती.

"हवालदार," भाऊसो म्हणाले, "माजं नाव ल्ह्या."

हवालदाराने मान वर केली. "तुम्ही तिथं होता?"

"न्हवतो. म्हस पिळत हुतो. पर जावा म्हनलो त्यो मी. मोकळ्या हातानं येऊ नगा म्हनलो त्यो बी मी. मी नगं म्हनलो असतो तर एक बी पोरगं उंबऱ्याभायेर गेलं नसतं."

हवालदाराने तेवढंच एक नाव वहीत लिहिलं. नबीलालने मुलीला दोनदा विचारलं, काय म्हणाला, काय म्हणाला? तिने तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याने हळूच मान हलवली. गणपतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा भाऊसोंसाठी स्वतः जागा करून दिली. खरं म्हणजे त्यांची थोडी पंचाईतच झाली. पुढच्या वेळी त्यांच्यावर पाळी आली की त्यांनाही हेच करावं लागणार होतं.

बयाबाई मात्र एवढ्यावर सोडणार नव्हत्या. "नाव ल्हिलं ते सरकारचं झालं. आमचं काय?" त्यांनी विचारलं. त्यांनी अट घातली. ढाल भाऊसोंनी स्वतः आणायची, भर दुपारी, चालत, मोठ्या रस्त्याने. रिक्षा नाही, पोरं नाहीत. आणि आल्यावर लगेच पळायचं नाही. भजन संपेपर्यंत मांडवात बसायचं.

"समदं भजन?" भाऊसोंनी विचारलं.

"आरतीसकट," बयाबाई म्हणाल्या.

ते गेले. फेटा बांधून, ढाल दोन्ही हातांनी छातीशी धरून, सगळी पेठ दुतर्फा उभी असताना गेले. काचा पोरांनी बसवल्या आणि मोडलेल्या बोर्डाच्या जागी आपल्या तालमीचा दिला. मांडवात भाऊसोंना अगदी पुढे बसवलं. दुसऱ्या अभंगाला त्यांचा डोळा लागला, तिसऱ्याला बयाबाईंनी मुद्दाम त्यांच्या कानाशी टाळ वाजवला. पुढे काही महिने दर सोमवारी त्यांना ठाण्यात सही करायला जावं लागलं. तेही ते इस्त्रीचा सदरा घालूनच जात. कुठं निघालात, असं कुणी विचारलं तर खाली बघत नसत.

पृथ्वीराज त्याच पावसाळ्यात सैन्यात गेला. जाताना तो आधी भाऊसोंच्या पाया पडला आणि मग नबीलालच्या दुकानात जाऊन मुबशिराला पेढे देऊन आला. मी काय केलं, असं तिने विचारलं. त्याने आणखी एक पेढा तिच्या हातावर ठेवला.

त्यानंतर पेठेतल्या बैठकीत एक गोष्ट बदलली. पोरांच्या हातनं चूक झाली, असं कुणी म्हणालं की भिंतीकडून एखादी बाई विचारायची, की जावा कुणी म्हणालं? भांडणं बंद झाली नाहीत. फुटबॉल आहे तोवर ती व्हायचीच. पण अध्यक्ष मंडळी धार काढताना, पान लावताना जरा जपून बोलू लागली.

दोन हजार दहा साली रोमला ठरलेल्या त्या कोर्टाच्या देशांची सभा आफ्रिकेत कंपालाला भरली आणि त्या गुन्ह्याची व्याख्या एकदाची ठरली. मुबशिरा ती बातमी सांगायला कट्ट्यावर आली. ज्याच्या हातात ठरवणं असतं त्यालाच धरायचं, हेही त्यात लिहिलं गेल्याचं तिने सांगितलं. असे खटले चालवायला कोर्टाने मात्र अजून काही वर्षं थांबायचं होतं. भाऊसोंनी सगळं ऐकून घेतलं. एवढ्या शिकलेल्या माणसांना बारा वर्षं लागली, आपलं तर एका दुपारात मिटलं, असं ते म्हणाले.

"त्यांच्यात बयाबाई न्हवत्या, मामा," ती म्हणाली.

हल्ली ती गडहिंग्लजच्या एका कॉलेजात शिकवते. सकाळच्या एसटीने जाते, दिवे लागायच्या सुमाराला परत येते, आणि घरी जाताना भाऊसोंच्या कट्ट्यावरून अर्धा लिटर दूध नेते.